झेंडा आणि सर्दी

मानवजातीच्या इतिहासात काही क्षण असे येतात, की त्यांच्या अलीकडचं जग आणि पलीकडचं जग एक राहत नाही. आल्डर फोर्ड शहराच्या वाट्याला असा क्षण एका मंगळवारी संध्याकाळी आला. नगरपालिकेने सप्तरंगी झेंडा हा शहराचा अधिकृत झेंडा म्हणून बहुमताने मान्य केला, सभागृहात लोक एकमेकांच्या गळ्यात पडले, आणि आजवर लपूनछपून जगलेल्या माणसांचं प्रेम सरकारदरबारी रुजू झालं. ज्यांच्यासाठी हा इतिहास घडत होता त्यांच्यातला एक, थेरन हॅस्केट, वय एकाहत्तर, त्या क्षणी सिंकखाली डोकं घालून उताणा पडला होता आणि वाकड्या पाइपातून पीचच्या साली उपसत होता. इतिहासाने हाक मारली तेव्हा त्याचा एक हात कोपरापर्यंत पाइपात होता. फोन वाजून वाजून थांबला, पुन्हा वाजायला लागला, थेरन उठायला गेला आणि ओट्याची कड टाळक्यात बसली. पुढे दोन दिवस बोट त्या टेंगळाकडे जाई आणि त्याच्या मनात येई, हे मात्र अगदी अधिकृत आहे.

फोन नगरसेविका मेलेचा होता. मेलेच्या घरचे मूळचे टोंगा बेटांवरचे, आणि त्या लोकांत वडीलधाऱ्याला नुसत्या नावाने हाक मारली तर आई कान उपटते. मेलेची आई नगरपालिकेच्या इमारतीत झाडलोट करायची आणि थेरन त्याच इमारतीचा रखवालदार होता. शाळा सुटली की पोरगी त्याच्या खोलीत बसून गृहपाठ करायची. तेव्हापासून तो काका.

"थेरनकाका, झाला! अधिकृत झाला!"

"कोण?"

"कोण काय! झेंडा!"

"अच्छा. अभिनंदन."

"माझं कसलं अभिनंदन करताय? तुमचं अभिनंदन!"

"मेले, माझं सिंक तुंबलंय."

"ते मरू दे. गुरुवारी सकाळी पहिल्यांदा चढवायचाय, आणि तो तुम्ही चढवायचा. नाही म्हणू नका. बावीस वर्षं त्या खांबावर झेंडे तुम्हीच चढवलेत. शिवाय..." इथे ती अडखळली. "शिवाय तुम्ही आहातच ना."

'आहातच ना' म्हणजे काय, हे तिने सांगितलं नाही आणि त्याने विचारलं नाही. या गावात असली वाक्यं पूर्ण करायची पद्धत नव्हती. थेरन बरं म्हणाला. फोन ठेवला तेव्हा रिसिव्हरवर पीचचा चिकट रस लागला होता, आणि छातीत काहीतरी खूप दिवस बंद ठेवलेल्या फडताळासारखं कुबट उघडलं होतं. आनंद व्हायला हवा होता. त्याने आनंदासाठी थोडा वेळ वाट पाहिली. मग पुन्हा सिंकखाली गेला.

झेंड्याची गोष्ट गावाला तोंडपाठ होती. राज्याच्या विधिमंडळाने कायदा केला, की सरकारी इमारतीवर देशाचा, राज्याचा आणि शहराचा, एवढेच झेंडे लागतील, बाकीचे खाली. विधिमंडळाला वाटलं, प्रश्न मिटला. पण नगरपालिकेने कायदा वाचला. सहसा नगरपालिका कायदा वाचत नाही, या खेपेला वाचला, आणि म्हणाली, ठीक आहे, मग हाही शहराचाच. खात्री पटावी म्हणून कोपऱ्यात शहराचं चिन्ह छापलं, ट्राउट मासा. सप्तरंगी म्हणायचं, पट्टे मोजले तर सहाच; सातव्याच्या जागी हा मासा. त्याच्या तोंडावरचा भाव असा होता, की ठरावाच्या विरोधात मत देऊन तो नुकताच बाहेर आला असावा.

बुधवारचा दिवस थेरनने घरात येरझारा घालण्यात घालवला. पीचच्या बरण्या उकळायला ठेवायच्या होत्या, त्या तशाच राहिल्या. साल काढलेली फळं पातेल्यात काळवंडायला लागली. तो या खोलीतून त्या खोलीत जाई, आणि तिथे पोचल्यावर आपण का आलो ते आठवत नसे. मागची खोली रूलनची. म्हणजे लोकांच्या लेखी रूलनची. त्या खोलीत एक पलंग होता, त्यावर निळ्या चौकटींची गोधडी, उशाशी दिवा, दिव्याखाली उघडून पालथं ठेवलेलं पुस्तक. रूलन होता तोवर वीसेक वर्षं त्या पलंगावर कोणी निजलं नव्हतं आणि वीसेक वर्षं दर शनिवारी रूलन त्याच्यावरची चादर बदलायचा. पुस्तकाचीही अधूनमधून काही पानं पुढे उलटून ठेवायचा, कारण रूलन शाळेत भूमिती शिकवायचा आणि कच्ची सिद्धता त्याला खपत नसे. "पाहुण्याला पलंग दिसला पाहिजे," तो म्हणायचा, "आणि पलंगाला माणूस आहे असं वाटलं पाहिजे." एकदा पाणी गरम करायचा बंब दुरुस्त करायला आलेल्या माणसाने चुकून त्या खोलीचं दार उघडलं, तर रूलन ओशाळं हसत म्हणाला, "माफ करा हं, माझी खोली फार पसरलेली असते." खोलीत टाचणी इकडची तिकडे नव्हती. बंबवाला गेल्यावर दोघं ओट्याला टेकून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग रूलनचं हसू थांबलं, पण पाणी थांबलं नाही. थेरनने तेव्हा नळ सोडून उगाच भांडी घासायला घेतली होती. का घेतली? एवढं जवळ उभं होतं माणूस. हात लांब केला असता तर पोचला असता. बुधवारी दुपारी त्या निळ्या गोधडीपाशी उभं राहून थेरनने हात लांब केला, आणि दिव्यावरची धूळ पुसली.

रूममेट. हा शब्द गावाने ठरवला होता आणि दोघांनी तो मुकाट्याने अंगावर घातला होता, शाळेच्या गणवेशासारखा; मापाचा नव्हता, पण चारचौघांत निघायला बरा. दुकानदार विचारी, तुमच्या रूममेटला ते जाड पाव आवडतात ना? शेजारची आर्डिथ विचारी, रूममेटचा खोकला कसा आहे? आर्डिथ म्हणजे गल्लीचं अन्नखातं. चर्चमधल्या बायकांच्या मंडळात कोणाच्या घरी काय बांधून न्यायचं ते तीच ठरवायची, आणि त्याचे नियम दगडावर कोरलेले होते. बाळंतीण असेल तर लाझान्या. नवीन बिऱ्हाड आलं तर पाव आणि जॅम. सर्दीतापाला कोंबडीचं सूप. आणि घरात माणूस गेलं तर मयताचे बटाटे: किसलेला बटाटा, भरपूर चीज, आंबट साय, वर लोण्यात परतून चुरडलेले कॉर्नफ्लेक्स. या डोंगराळ मुलखात त्या पदार्थाला दुसरं नाव नाही. काचेच्या लांबट डिशमधून तो येतो, डिशच्या बुडाला चिकटपट्टीवर घरवालीचं नाव असतं, आणि तो ज्याच्या ओट्यावर येऊन टेकतो त्याच्या घरचं माणूस गेलं असं गाव मानतं. न टेकला, तर गेलेलं नाही.

रूलन एकोणीस वर्षांपूर्वी गेला. हॉस्पिटलात पहाटे, आधी हृदयाचं काही नव्हतं, मग एकदम तेवढंच होतं. नर्सने विचारलं, तुम्ही कोण? आणि थेरनच्या तोंडून सवयीने तो गणवेशातला शब्द निघाला. मग तिने पडदा ओढून घेतला आणि रूलनच्या बहिणीला फोन लावला. थेरन तिथून थेट कामावर गेला, कारण झेंड्यांच्या पेटीची किल्ली त्याच्याकडे होती आणि सकाळी झेंडा चढायलाच हवा होता. कोणी मोठं माणूस गेलं म्हणून झेंडा अर्ध्यावर आणायचा, तर त्याची एक रीत आहे. तो खालून अर्ध्यापर्यंत नेऊन बांधायचा नाही. आधी पार टोकापर्यंत चढवायचा, तिथे क्षणभर टेकवायचा, मग सावकाश खाली आणायचा. थेरनने या रीतीने राज्यपाल उतरवले होते, सिनेटर उतरवले होते, एक निवृत्त न्यायाधीश उतरवला होता, जो लिफ्टमध्ये याच्याकडे बघून नाक मुरडायचा. राजधानीतून फोन येई आणि झेंडा खाली येई. त्या सकाळी त्याने झेंडा टोकाला नेला आणि त्याचे हात तिथे थांबले. दोर तळव्यांत होता. वारा होता, लोखंडी कडी खांबावर ठणठण आपटत होती. फोन आला नव्हता. त्याने दोर तसाच बांधून टाकला आणि वर जाऊन साहेबांना सांगितलं, मला सर्दी झालीय, घरी जातो. जवळचं माणूस गेलं तर भरपगारी रजा मिळायची. रूममेटची मिळत नव्हती. सर्दीची मिळत होती.

त्याच संध्याकाळी आर्डिथ दारात आली होती. हातात पातेलं. "सर्दी झालीय म्हणे," ती म्हणाली. "हो," थेरन म्हणाला. त्याचे डोळे सुजलेले होते, नाक लाल होतं. सर्दीचा पुरावा म्हणून एवढं पुष्कळ होतं. तिने कोंबडीचं सूप ओट्यावर ठेवलं, थोडी उभी राहिली, आणि गेली. पुढे रूलनच्या बहिणीच्या गावी चर्चमध्ये अंत्यविधी झाला. थेरन मित्रमंडळींच्या रांगेत बसला, आणि नंतरच्या जेवणात कागदी ताटली घेऊन ओळीत उभा राहिला. वाढणाऱ्या बाईने त्याच्याकडे पाहिलं आणि बटाट्याचा एक चमचा घातला, परक्याला घालतात तेवढा. तो त्याने उभ्याउभ्या खाल्ला. तेव्हापासून आजपर्यंत एकाही माणसाने त्याला तोंडावर म्हटलं नव्हतं, की रूलन गेला, फार वाईट झालं. कोण म्हणणार? ज्याचं काही नव्हतंच त्याचं काही जात नाही, असा साधा हिशेब होता. आणि आता गुरुवारी सकाळी गावाला त्याच्याकडून आनंद हवा होता. आनंदाला त्याची ना नव्हती. फक्त दुखवट्याच्या आधी आनंद कसा करायचा, ते त्याला समजत नव्हतं. बुधवारी तिन्हीसांजेला त्याने कपाटातून कोट काढला, घातला, आरशात पाहिलं, काढला. एवढा साधा कोट, पण बाही चढवताना चुकीच्या बाहीत हात गेला आणि तो अर्धा आत अर्धा बाहेर, कितीतरी वेळ तसाच उभा राहिला.

मोतीबिंदूमुळे थेरनने गाडी चालवणं सोडलं होतं. गुरुवारी त्याला नगरपालिकेत नेऊन सोडायचं काम आर्डिथकडे आलं, कारण दवाखान्यापासून किराण्यापर्यंत ते तिच्याकडेच असे.

"चष्मा घेतलास का?" गाडी काढता काढता तिने विचारलं. "नाहीतर झेंड्याऐवजी माझी पर्स चढवशील खांबावर."

"घेतलाय."

"आणि आधीच सांगते, मी खाली उतरणार नाही. मला हे पसंत नाही. बायबलात बसत नाही."

"बरं."

"लोक म्हणतील, आर्डिथ पण गेली नाचायला."

"तू नाचलीस तर मीच पहिला पळेन."

"वळणावर बोलू नकोस, मला रस्ता दिसत नाही," आर्डिथ म्हणाली. बोलण्याचा आणि रस्ता दिसण्याचा काय संबंध, हे चाळीस वर्षांच्या शेजारात त्याने कधी विचारलं नव्हतं. ती सरळ समोर बघत होती. तिच्या मानेवरची शीर उडत होती. तिचा नवरा लमार फौजेत होता. तो गेला तेव्हा थेरननेच तिच्या अंगणातला झेंडा अर्ध्यावर आणून दिला होता, आणि ती हट्टाने म्हणाली होती, मला शिकव, उद्या मी करीन. मग त्याने तिच्या हातांवर हात ठेवून शिकवलं होतं. आधी पार वर, आर्डिथ. टेकू दे. आता खाली. त्या वेळी त्याच्या मनात येऊन गेलं होतं, की हिला निदान खांब तरी आहे. त्या विचाराची त्याला आजही लाज वाटत होती, आणि तो विचार आजही तितकाच खरा होता.

नगरपालिकेच्या हिरवळीवर शंभरेक माणसं होती. सकाळचे फवारे नुकतेच बंद झाल्यामुळे सगळ्यांचे बूट ओले होते आणि चेहरे उत्साही होते. पलीकडच्या फुटपाथवर विरोधाच्या पाट्या घेऊन काही मंडळी उभी होती. त्यांतल्या दोघांनी थेरनला हात केला, कारण ते त्याच्याबरोबर बोलिंग खेळायचे. कोणीतरी डोनट वाटत होतं, आणि पाटीवाल्यांनीही ते घेतले. आर्डिथने गाडी अगदी समोर लावली आणि काच वर केली. मेलेने भाषण केलं. ती 'आजपासून' हा शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होती. आजपासून कोणी लपणार नाही. आजपासून कोणी परकं नाही. थेरनला ते ऐकू येत होतं आणि येत नव्हतं. आजपासून, म्हणजे कालपर्यंतचं काय झालं? काल कुठे ठेवायचा? त्याच्या ओल्या बुटात मोजा चिकटला होता. माशाच्या बाजूने झेंड्याची घडी हातात आली, कोरं कापड, दुकानाचा वास. मग दोर हातात आला आणि हात म्हणाले, अरे, तू होय.

झेंडा चढला. सकाळच्या उन्हात ते सहा पट्टे आणि तो नाराज मासा टोकाला जाऊन टेकले, लोकांनी टाळ्या वाजवल्या, शिट्या मारल्या, कोणीतरी रडलं. थेरनचे हात थांबले. कडी ठणठणत होती. तोच खांब, तीच कडी. राजधानीतून फोन आला नव्हता आणि येणारही नव्हता, आणि थेरनच्या डोक्यात खरोखर काही चाललेलं नव्हतं. फक्त तळव्यांत दोर सरकायला लागला. एक हात, मग दुसरा हात. झेंडा सावकाश खाली आला आणि अर्ध्यावर थांबला.

टाळ्या विरळ झाल्या. फोटोवाल्याने कॅमेरा खाली घेतला. मेले जवळ आली आणि ओठ न हलवता म्हणाली, "काका, अडकला का?"

थेरनने झेंड्याकडे पाहिलं. तो अर्ध्यावर शांत लोंबत होता, जशी कोणाची तरी आठवण काढल्यावर माणसं मान खाली घालतात. असा किती वेळ ठेवला म्हणजे पुरेल? राज्यपालाला ठरावीक दिवस असतात. भूमितीच्या मास्तराला किती? आणखी थोडा, त्याच्या मनाने म्हटलं. आणखी थोडा.

"हो," तो म्हणाला. "दोर अडकलाय. सुटेल आता."

"म्हातारा दमला," गर्दीत कोणीतरी म्हणालं. "बसवा त्याला," दुसरं कोणीतरी. थेरनने दोर ओढला, झेंडा पुन्हा टोकाला गेला, टाळ्या पुन्हा सुरू झाल्या, या खेपेला जास्तच जोरात, म्हाताऱ्याला हुरूप यावा म्हणून. फोटोवाल्याला हवा तो फोटो मिळाला. समोरच्या गाडीची काच खाली आलेली थेरनला दिसली. चष्मा होता, पण पाण्याने भरला होता, त्यामुळे आर्डिथचा चेहरा काही दिसला नाही.

परतताना ती एक शब्द बोलली नाही. वळण नव्हतं तिथेही बोलली नाही. थेरनला वाटलं, रागावली. दारापाशी सोडताना फक्त म्हणाली, "संध्याकाळी काही रांधू नकोस," आणि गाडी मागे घेऊन आपल्या आवारात गेली.

तो काळवंडलेले पीच फेकून देऊन बसला. उठला, पुन्हा बसला. मागच्या खोलीच्या दारापर्यंत गेला, परत आला. मेलेचे दोन फोन आले, ते घेतले नाहीत. ऊन डोंगरामागे गेलं तेव्हा मागचं दार कोणीतरी पायाने वाजवलं. आर्डिथ टॉवेलात गुंडाळलेली काचेची लांबट डिश छातीशी धरून उभी होती.

"सरक. गरम आहे."

तिने डिश ओट्यावर ठेवली आणि वरचा कागद काढला. लोण्यात परतलेल्या कॉर्नफ्लेक्सचा वास घरभर झाला. थेरनने खुर्ची धरली.

"आर्डिथ, कोण गेलं?"

"बस आधी."

"कोण गेलं पण?"

"रूलन," आर्डिथ म्हणाली. "रूलन गेला. फार वाईट झालं, थेरन. फार चांगला माणूस होता. आमच्या धाकट्याला भूमितीत त्यानेच तारलं, नाहीतर तो अजून तिथेच बसला असता."

ती पाठमोरी होऊन फडताळात ताटल्या शोधायला लागली, चुकीच्या फडताळात.

"मला तेव्हाच कळलं होतं," ती फडताळाला म्हणाली. "आंधळी नाही मी. बटाटे किसून तयार होते घरात. पण तू सर्दी म्हणालास. सर्दीच्या माणसाकडे बटाटे घेऊन आले असते तर काय दिसलं असतं? मग सूप केलं."

"सूप चांगलं होतं," थेरन कसंबसं म्हणाला.

"खोटं बोलू नकोस. मीठ विसरले होते. माझं चित्त होतं का ठिकाणावर?" तिला ताटली सापडली. तिने डावाने वाढलं, एक, दोन, आणि वर अजून एक. घरच्यांना वाढतात तेवढं. "आणि झेंड्याचं मला काही विचारू नकोस. माझं मत तेच आहे. तो मासा तर अजिबात शोभत नाही."

"नाहीच शोभत."

"खा."

तो खाऊ लागला. ती समोर बसली, त्याच्या दंडावर एक हात ठेवून, आणि तो हात तिने काढला नाही. दाताखाली कॉर्नफ्लेक्स कुरकुरत होते. मीठ जरा जास्तच झालं होतं. बहुधा मागची बाकी तिने याच खेपेला घातली होती. थेरन रडला, खाल्लं, पुन्हा रडला, पुन्हा वाढून घेतलं. त्याने तिला बंबवाल्याची गोष्ट सांगितली, आणि 'माझी खोली फार पसरलेली असते' या वाक्याला आर्डिथ इतकी हसली की तिला ठसका लागला. बाहेर कोणाचे तरी फवारे सुरू झाले. आत, पहिल्यांदाच, या घरातलं माणूस गेलेलं होतं.

अंधारायच्या आत ती उठली, टॉवेलाची घडी घातली, दारापर्यंत गेली, आणि उंबऱ्यावर थबकली. काहीतरी सांगावं की सांगू नये, असं तिच्या तोंडावर दिसत होतं.

"थेरन."

"बोल ना, आर्डिथ."

"तेवढी डिश धुऊन उद्याच दे हं. मागच्या गल्लीतल्या वेल्डनचं काही खरं नाही."